वजाबाकीतून दिसलेले यकृत

यकृतातील कर्करोगाची गाठ सुईवाटे उष्णता देऊन जाळतात, हे मी अनेकदा वाचले होते. प्रत्यक्षात पाहिले ते मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात, शिशाचा जड एप्रन अंगावर चढवून आणि कुणाच्या पायात येणार नाही अशा बेताने भिंतीला पाठ लावून. मी डॉक्टर नाही. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन मी रोममध्ये मायक्रोवेव्ह लहरींनी शरीराच्या आतले चित्र काढण्याच्या विषयावर पीएच.डी. करत होते. ज्या उपचारावर नजर ठेवणारे यंत्र आपण बनवू पाहतो, तो उपचार एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाच पाहिजे, असा माझ्या मार्गदर्शक बाईंचा आग्रह होता. सुट्टीला घरी आले असताना एका परिचितांच्या ओळखीने ती परवानगी मिळाली.

टेबलावर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते. त्यांच्या यकृताच्या उजव्या भागात अडीच सेंटीमीटरची एकच गाठ होती आणि यकृत आधीच सिरोसिसने कडक झालेले असल्यामुळे तो भाग कापून काढणे सुरक्षित नव्हते. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहत, बरगड्यांच्या मधून, सुमारे दोन मिलिमीटर जाडीची एक लांब सुई गाठीच्या मध्यापर्यंत नेली. ही सुई म्हणजे प्रत्यक्षात एक अँटेना असतो. तिच्या दांड्यातून थंड पाणी फिरत राहते, म्हणजे वाटेतले मांस भाजत नाही, आणि टोकाजवळून २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी बाहेर पडतात. घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनची वारंवारता हीच. जनरेटर ६० वॅटवर लावला गेला, भूलतज्ज्ञांनी मान हलवली आणि घड्याळ सुरू झाले.

दीड-दोन मिनिटांत पडद्यावर सुईच्या टोकाभोवती एक पांढरा ढग जमू लागला. ऊतीमधील पाण्याची वाफ होऊन जे बारीक बुडबुडे तयार होतात, त्यांच्यावरून ध्वनिलहरी परावर्तित होतात, आणि त्यामुळे ढगाच्या पुढचा भाग चकाकतो तर मागचा भाग सावलीत जातो. पाचव्या मिनिटाला गाठ दिसतच नव्हती, दिसत होता तो फक्त ढग. मी डॉक्टरांना हळूच विचारले, "सर, आता कड कुठे आहे हे तुम्हाला कसे कळते?" ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "ढग तुम्हालाही दिसतो आणि मलाही दिसतो. पाऊस कुठवर पडला, हे त्यावरून सांगता येत नाही." मग त्यांनी बाजूला ठेवलेल्या तक्त्याकडे बोट दाखवले. इतके वॅट, इतकी मिनिटे, म्हणजे इतक्या आकाराचा जळालेला भाग, असा तो तक्ता होता. असे तक्ते बहुधा मृत प्राण्याच्या यकृतावर प्रयोग करून तयार केलेले असतात, ज्यात रक्त वाहत नसते, हे मला ठाऊक होते. अर्थातच त्यांनाही ठाऊक होते. सुई बाहेर काढतानाही त्यांनी थोडी उष्णता चालू ठेवली, कारण सुईच्या मार्गात रक्तस्राव होऊ नये आणि कर्करोगाच्या पेशी त्या वाटेने बाहेर सांडू नयेत याची काळजी घ्यावी लागते. नंतर काँट्रास्ट (रक्त उठून दिसावे म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी काढला गेला आणि गाठीच्या चहूबाजूंनी काळा, रक्त न पोचणारा पट्टा दिसला तेव्हा खोलीतले सगळेच जरा सैलावले.

हा पट्टा म्हणजे या उपचाराचा सगळा हिशेब आहे. गाठ जळाली एवढे पुरत नाही. तिच्याभोवतीचे निदान ५ ते १० मिलिमीटर निरोगी दिसणारे यकृतही जळले पाहिजे, नाहीतर कडेला उरलेल्या पेशींतून गाठ पुन्हा उभी राहते. उलट, पलीकडे पित्तनलिका किंवा आतडे असेल तर चार मिलिमीटरही जास्त होतात. सीटी हे सांगतो, पण उपचार थांबल्यानंतर सांगतो, आणि किरणोत्सर्गामुळे तो मिनिटामिनिटाला काढता येत नाही. एमआरआय तापमानाचा नकाशाही देऊ शकतो. मात्र त्यासाठी सुईपासून जनरेटरपर्यंत सगळे चुंबकाला चालेल असे लागते, आणि त्या यंत्राचा बोगदा तासभर अडवून ठेवणे किती रुग्णालयांना परवडेल हा प्रश्न आहेच. सोनोग्राफी स्वस्त आहे, हाताशी आहे, आणि नेमक्या वेळी तिच्यापुढे ढग येतो.

मायक्रोवेव्हने चित्र काढण्याची कल्पना इथे का सुचली, हे मी घरी आईला समजावून सांगितले तेव्हा तिने ते माझ्यापेक्षा सोपे केले. आमच्याकडे सांगलीला रविवारी मटणाबरोबर कलेजी येते. "अगं, कलेजी तव्यावर टाकली की आधी रंग उडतो, मग ती आकसते, आणि तू फोनवर बोलत राहिलीस की तिचं रबर होतं. पाणी गेलं की चव गेली," असे ती म्हणाली. मायक्रोवेव्ह लहरीला यकृतात जे 'दिसते' ते मुख्यतः हे पाणीच. शरीराच्या तापमानाच्या यकृताचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचा आकडा) २.४५ गिगाहर्ट्झला सुमारे ४३ असतो, तो जवळजवळ सगळा पाण्यामुळे. पाणी उडाले की हा आकडा कोसळतो आणि विद्युतवाहकताही कमी होते. म्हणजे लहरींच्या दृष्टीने ओल्या मांसात एक कोरडा गोळा तयार होतो. रोमजवळच्या कासाच्चा येथील एनेआ या संशोधन केंद्रातील आणि सापिएन्झा विद्यापीठातील संशोधकांनी गाईच्या यकृतावर अ‍ॅब्लेशन (म्हणजे सुईने असे जाळणे) चालू असतानाच हे गुणधर्म मोजून २०१२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि १०० अंश सेल्सिअसजवळ पोचताना ते कसे झपाट्याने घसरतात हे त्या आलेखांत स्वच्छ दिसते. पुढे नेपल्समधील लोरेंझो क्रोक्को आणि रोझा स्कापातिच्ची यांनी रोमच्या मार्ता कावान्यारो यांच्यासह याच बदलाचे चित्र बाहेरून काढता येईल का, हे तपासले. प्राण्याच्या यकृतावरील त्यांचे प्रयोग २०१८ मध्ये छापून आले. मी या विषयात आले ती हे लेख वाचूनच.

प्रयोगशाळेतली माझी मांडणी कागदावर अगदी सुटसुटीत होती. एका प्लास्टिकच्या पेटीत यकृत, पेटीच्या एका बाजूला कमानीत बसवलेले आठ चपटे अँटेना, आणि त्यांच्या केबली एका स्विचमधून व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर या यंत्राला जोडलेल्या. एका अँटेनातून एक मिलिवॅट इतकी क्षीण लहर सोडायची, बाकीच्या सातांवर काय पोचते ते मोजायचे, मग पुढच्या अँटेनाची पाळी. आठ अँटेनांच्या अशा २८ जोड्या होतात. अँटेना एकाच बाजूला ठेवले, कारण माणसाच्या पोटावर त्यांना एकाच बाजूने टेकवता येणार. चारही बाजूंनी वेढा घालून सुंदर चित्रे काढणारे प्रयोग मला नेहमीच थोडे लबाड वाटत आले आहेत. अ‍ॅब्लेशन सुरू करण्याआधी एक मोजमाप घ्यायचे, नंतर ठरावीक वेळाने पुन्हा घ्यायचे, आणि दोन्हींची वजाबाकी करायची. सुई दोन्ही वेळा तिथेच असते, यकृताचा आकार तोच, पेटी तीच. म्हणून वजाबाकीत या साऱ्याचा बराचसा भाग उडून जातो आणि उरतो तो जळाल्यामुळे झालेला बदल. त्या उरलेल्या संकेतावरून आत कुठे, किती मोठा बदल झाला हे गणिताने मागे जाऊन शोधायचे. सावलीवरून माणसाचा चेहरा ओळखण्यासारखे हे काम आहे. एका सावलीला अनेक चेहरे जुळतात आणि त्यांतला समजूतदार कोणता, हे गणिताला आपण सांगावे लागते.

वारंवारता ठरवतानाच पहिली ओढाताण झाली. यकृतात २.४५ गिगाहर्ट्झची लहर दर सेंटीमीटरला सुमारे ४ डेसिबेल गमावते, म्हणजे प्रत्येक सेंटीमीटरला तिची निम्म्याहून अधिक शक्ती नाहीशी होते. सहा सेंटीमीटर खोल जाऊन तेवढेच परत यायचे म्हटले तर हातात काय उरणार? एक गिगाहर्ट्झला हा ऱ्हास निम्म्यावर येतो, पण तिथे यकृतातली तरंगलांबी साडेचार सेंटीमीटरच्या घरात जाते आणि बारीक तपशील हरवतात. खोलवर बघायचे तर जाड पेन्सिल, बारीक रेष हवी तर आखूड हात. आम्ही एका वारंवारतेवर न थांबता साधारण एक ते दोन गिगाहर्ट्झचा पट्टा वापरायचे ठरवले.

यकृतासाठी मी तेस्ताच्चोच्या बाजारात जाऊ लागले. रोमचा मोठा कत्तलखाना १९७५ पर्यंत याच भागात होता आणि आतडी, यकृत, शेपटी यांसारख्या भागांना तिथले लोक 'पाचवा पाव' म्हणतात, कारण जनावराचे चार चांगले पाव हिस्से पैसेवाल्यांकडे जात आणि कामगारांच्या वाट्याला हा पाचवा येई. खाटीक आजोबा मला प्रत्येक वेळी पातळ काप करून हवेत का विचारत आणि मी अख्खा गड्डा मागितला की कपाळाला आठ्या घालत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलेच, की घरी इतकी माणसे आहेत तरी किती. मी खरे कारण सांगितले. त्यानंतर ते स्वतःहून, मोठ्या रक्तवाहिन्या नसलेला जाड भाग निवडून बाजूला ठेवू लागले. ही मदत फार मोठी होती, कारण रक्त निघून गेलेल्या रुंद वाहिनीत हवा शिरते, आणि लहरींना ती हवा कोरड्या गोळ्यासारखीच दिसते.

अँटेना आणि यकृत यांच्यामध्ये हवा चालत नाही. हवेतून ओल्या ऊतीत शिरताना बरीचशी लहर पृष्ठभागावरूनच परत फिरते. सोनोग्राफीच्या आधी पोटावर जेली लावतात त्याच कारणाने इथेही मधला द्रव लागतो. नुसते पाणी घ्यावे तर त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास, म्हणजे फारच वरचा. गणितात २० ते २५ मधला द्रव चांगला ठरत होता, म्हणून सूर्यफुलाचे तेल, पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रवसाबणासारखा एक मिश्रक यांचे दुधाळ मिश्रण मी तयार करू लागले. पहिल्या वेळी ते विजेच्या घुसळणीने घुसळले. दुधाळ रंग सुरेख आला, मोजमाप मात्र दर दहा मिनिटांनी सरकत होते. कारण उघड होते, पण मला ते दोन दिवसांनी दिसले: मिश्रणात बारीक फेस कोंडला होता आणि तो हळूहळू वर चढून फुटत होता. आजी ताक करताना रवी सावकाश, तळापासून फिरवायची आणि लोणी घाईने येत नाही म्हणायची. मी लाकडी उलथने घेऊन तसेच सावकाश ढवळले, मिश्रण रात्रभर झाकून ठेवले, सकाळी वर आलेले तेल पुन्हा हळुवार मिसळले. मोजमाप स्थिर झाले.

यापेक्षा मोठी फजिती माझ्याच हातून झाली आणि तिचा दोष अन्य कुणावर टाकता येण्यासारखा नाही. अ‍ॅब्लेशनचा जनरेटर ६० वॅट सोडतो आणि माझे मोजणारे यंत्र एक मिलिवॅटचे, म्हणजे साठ हजारपटींचा फरक; दोन्ही एकाच वेळी चालू राहिली तर मोजणाऱ्या यंत्राचे कान फुटतात. म्हणून दर दोन मिनिटांनी जनरेटर थांबवायचा, काही सेकंदांत मोजमाप उरकायचे आणि पुन्हा सुरू करायचा, असा क्रम होता. एका दुपारी असेच मोजमाप घेऊन वजाबाकी केली आणि पडद्यावर सुईच्या टोकाशी नेमका, गोल, ठसठशीत डाग उमटला. मी बाईंना बोलावून आणले. शेजारच्या टेबलावर काम करणारे, निवृत्तीला आलेले तंत्रज्ञही आले. त्यांनी चित्राकडे पाहिलेच नाही. ते केबलींकडे पाहत होते. "जनरेटर खरेच चालू होता का?" असे त्यांनी विचारले. पाहिले तर सुईची केबल जनरेटरला जोडायचीच राहिली होती. सहा मिनिटे मी थंड यकृताकडे घड्याळ लावून बघत बसले होते.

मग तो डाग कशाचा? स्विचजवळ वाकून पाहताना माझ्या कोपराचा धक्का तिसऱ्या अँटेनाच्या केबलीला लागला होता आणि ती जरा वाकली होती. केबल वाकली की लहरीची कला (चढ-उतारातला तिचा टप्पा) काही अंशांनी सरकते. तेवढा फरक वजाबाकीत उतरला आणि गणिताने, त्याला शिकवले होते त्याप्रमाणे, तो यकृताच्या आत नेऊन बसवला. डाग बरोबर सुईच्या टोकाशी का आला? कारण शोधण्याची जागा मीच सुईच्या भोवती आखून दिली होती. त्याला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त एवढेच विचारले, की आजवरच्या चित्रांपैकी किती अशी असतील. त्या रात्री मी जुन्या अकरा प्रयोगांची मोजमापे पुन्हा उघडून बसले आणि त्यांतली चार बाद केली. दुसऱ्या दिवशी सगळ्या केबली पट्ट्यांनी फळीला आवळून बांधल्या, जोडण्या ठरावीक दाबाच्या पान्याने घट्ट केल्या, आणि एक नियम केला: प्रत्येक प्रयोगाआधी काहीही न तापवता दहा मिनिटे नुसतीच वजाबाकी करत राहायची. काही न घडता जेवढे 'घडलेले' दिसते, तेवढा आपला खोटेपणा. खरा डाग त्याच्या कितीतरी वर असेल तरच तो मानायचा.

आणखी एक नियम बाईंनी घातला आणि तो मला सुरुवातीला जाचक वाटला. सावलीवरून चेहरा शोधणाऱ्या गणितात एक कान पिळावा लागतो. तो फार सैल सोडला तर चित्रात गोंगाट भरतो, फार आवळला तर सगळे पसरट होते. यकृत कापून आतला जळालेला भाग बघितल्यानंतर हा कान पिळायला बसले की हात नकळत जुळणाऱ्या उत्तराकडे जातो. म्हणून चित्र आधी काढायचे, त्यावर कडेची रेषा आखायची, ती फाइल त्यांना पाठवायची, आणि त्यांचा 'पोचली' असा निरोप आल्यावरच सुरी हातात घ्यायची.

या सगळ्या तयारीनंतरचा एक प्रयोग मला तपशिलाने आठवतो. यकृत रात्रभर शीतकपाटात आणि सकाळी तीन तास खोलीत ठेवून खोलीच्या तापमानाला आणले होते. दहा मिनिटांची कोरी वजाबाकी शांत निघाली. सुई टोचली, संदर्भाचे मोजमाप घेतले, जनरेटर जोडला आहे हे दोनदा हाताने चाचपून पाहिले. दुसऱ्या मिनिटाला पेटीतून तव्यावरच्या कलेजीचा ओळखीचा वास यायला लागला. चौथ्या मिनिटाला चित्रात मंद डाग, सहाव्याला अधिक ठळक, आणि दहाव्याला लांबट, सुईच्या दिशेने ताणलेला गोळा. तो डावी-उजवीकडे बऱ्यापैकी रेखीव होता आणि खोलीच्या दिशेने मात्र पुसट पसरला होता, कारण एकाच बाजूने पाहणाऱ्याला पाठीमागची कड नीट दिसत नाही. रेषा आखली, फाइल पाठवली, निरोप आला.

सुरीने सुईच्या रेषेत काप घेतला तेव्हा पात्याला तीन वेगवेगळे विरोध जाणवले. बाहेरचे मांस मऊ, घसरणारे. आतले करड्या-पांढऱ्या रंगाचे, उकडलेल्या अंड्यासारखे घट्ट. आणि अगदी मध्ये सुईच्या मार्गाभोवती काळी, कुरकुरीत नळी, जिला पाते लागले की बारीक आवाज झाला. पांढऱ्या भागाची रुंदी पट्टीने तीन सेंटीमीटरच्या वर भरली. माझ्या चित्रातला गोळा जेमतेम सव्वादोनचा होता. जागा बरोबर होती, आकार बरोबर होता, सुईच्या दिशेचा लांबटपणाही बरोबर होता. पण प्रत्येक बाजूला चार-पाच मिलिमीटर कमी. पुढच्या तीन प्रयोगांतही हेच झाले. मी आधी गणिताला दोष दिला, मग अँटेनांना, मग यकृत आकसते त्याला. आकसणे खरेच आहे आणि त्याचा हिशेब धरावाच लागतो, पण आकसल्याने कापातला भाग लहान व्हायला हवा होता. इथे चित्रच लहान होते.

उत्तर त्या २०१२ च्या आलेखांत माझ्या डोळ्यांसमोर वर्षभर होते. पेशी मरायला १०० अंश लागत नाहीत. ६० अंशांवर त्यांची प्रथिने क्षणार्धात गोठतात, ५० अंशांवरही काही मिनिटांत त्या मरतात. पांढरा भाग हा गोठण्याचा भाग. त्याची बाहेरची कड साधारण ६० अंशांची. मायक्रोवेव्हला सर्वांत जोरकस दिसतो तो पाणी उडण्याचा बदल, आणि तो १०० अंशांजवळचा. म्हणजे मी मोठ्या विश्वासाने कोरडेपणाची कड आखत होते आणि तिला मृत्यूची कड म्हणत होते. मधला चार-पाच मिलिमीटरचा पट्टा मेलेला पण ओला होता. डॉक्टर ज्या पाच मिलिमीटरसाठी तक्त्याकडे बघत होते, तेच पाच मिलिमीटर माझ्या चित्रातून निसटत होते. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की ही चूक सावध बाजूची होती: चित्र कमी जळाले म्हणते, जास्त जळाले असे म्हणत नाही. पण कमी दिसले म्हणून डॉक्टरांनी आणखी तीन मिनिटे उष्णता दिली आणि पलीकडे पित्तनलिका असली, तर सावधपणाचा अर्थ उलटा होतो.

या ओल्या पट्ट्यातही काहीतरी बदल होत असणारच, म्हणून मी खालच्या वारंवारतांकडे वळले. एक गिगाहर्ट्झच्या आसपास यकृताची वाहकता तापमानाबरोबर वाढते, कारण क्षारांचे आयन गरम द्रवात अधिक मोकळे फिरतात. कोरड्या गाभ्यात ती घटते, भोवतीच्या गरम पट्ट्यात वाढते. वजाबाकीत एकाचे चिन्ह उणे आणि दुसऱ्याचे अधिक यायला हवे. नीट पाहिल्यावर ते तसे येत होतेही: गाभ्याभोवती उलट चिन्हाचे एक फिकट कडे, ज्याला मी इतके दिवस गणिताचा गोंगाट समजून पुसून टाकत होते. मात्र हे कडे गरम आहे एवढेच सांगते, मेले आहे असे सांगत नाही. ४५ अंशांचे यकृतही गरमच असते. मग जनरेटर बंद केल्यावरही मोजत राहिले. यकृत थंड होत जाते तसा नुसत्या तापमानामुळे आलेला फरक मावळतो आणि गोठलेल्या, पाणी गमावलेल्या भागाचा फरक मागे राहतो. या दुसऱ्या वजाबाकीत, म्हणजे गरम असतानाच्या आणि थंड झाल्यावरच्या चित्रांत, बाहेरची कड आधीपेक्षा पांढऱ्या भागाच्या जवळ सरकली. जुळली असे मी म्हणणार नाही, जवळ सरकली.

जिवंत माणसात यातले बरेच काही बदलेल. श्वासाबरोबर यकृत एक-दोन सेंटीमीटर वर-खाली होते, म्हणून दोन्ही मोजमापे श्वासाच्या एकाच टप्प्यावर घ्यावी लागतील. माझ्या कोपराच्या धक्क्याने काय झाले ते आठवले की या हालचालीची धास्ती वाटते. वरून त्वचेचा आणि चरबीचा थर येईल, ज्यांच्यातून जाताना लहर आणखी वाकेल. मोठ्या रक्तवाहिनीजवळ वाहते रक्त उष्णता पळवून नेते आणि तिथली कड आत दबते. माझ्या बाजारातल्या यकृतात ते घडतच नाही. पण तेच रक्त यकृत लवकर थंडही करेल, आणि थंड होण्याची वाट पाहणे हाच आता माझ्या पद्धतीचा कणा झाला आहे.

मुंबईच्या डॉक्टरांना मी कापलेल्या यकृताचे छायाचित्र आणि त्यावर बसवलेल्या दोन्ही रेषा पाठवल्या, आतली कोरडेपणाची आणि बाहेरची थंड झाल्यानंतरची. त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. बाहेरची रेषा दाखवणार असाल तर सुई आत असतानाच दाखवा, सुई काढल्यावर ती माझ्या कामाची नाही, असे त्यांनी लिहिले होते, आणि खाली विचारले होते की थंड व्हायला किती मिनिटे थांबावे लागेल. त्यांच्याकडे भूल चालू असते आणि पुढचा रुग्ण बाहेर असतो. पाच मिनिटे देता येतील, वीस नाही. खोलीच्या तापमानाच्या मृत यकृताला माझ्याकडे वीसहून अधिक लागतात. आता मी यकृताच्या गड्ड्यातून बारीक नळ्या घालून कोमट मिठाचे पाणी फिरवते, वाहत्या रक्ताच्या जागी, आणि जनरेटर बंद केल्यापासून दर मिनिटाला एक मोजमाप घेते. तेस्ताच्चोच्या आजोबांना सांगितले आहे, की यापुढे मोठी रक्तवाहिनी असलेला भागच बाजूला ठेवा.